डोझर ओढत नाही, तेव्हा आधी काय तपासायचं?

ऐन कामात डोझर ओढेनासा झाला की साइटवर दोन वाक्यं हमखास ऐकू येतात: ‘इंजिन बसलं’ किंवा ‘गिअरबॉक्स गेला’. दोन्हींपैकी एखादं खरंही असू शकतं. पण त्या क्षणी ते निव्वळ अंदाज असतात, आणि त्या अंदाजावरच मशीन उघडायला घेतलं जातं. तीस-चाळीस टनी मशीनचं ट्रान्समिशन बाहेर काढायला क्रेन लागते, मोकळी जागा लागते, कामाचे कित्येक दिवस जातात. एवढं करून आतल्या प्लेटा धडधाकट निघाल्या आणि खरा दोष तेल ओढणाऱ्या जाळीत साचलेल्या गाळाचा निघाला, तर झालेला खर्च कुणाच्याच उपयोगी पडत नाही. शिवाय धुळीत उघडलेलं ट्रान्समिशन पहिल्याइतकं स्वच्छ परत बंद होणं फार अवघड.

हे टाळता येतं. चेनवर चालणाऱ्या मशीनची रचनाच अशी असते की दोष कुठे आहे, हे ते बऱ्याच अंशी बाहेरूनच दाखवतं. विचारायचे प्रश्न चार. कोणत्या दिशेला? कोणत्या गिअरमध्ये? कोणत्या बाजूला? आणि गार असताना की तापल्यावर? याची उत्तरं ऑपरेटरकडे बहुतेक वेळा तयार असतात. त्याला ती कुणी नीट विचारत नाही.

इंजिनापासून चेनपर्यंत

इंजिनाची ताकद चेनपर्यंत नेणाऱ्या सगळ्या भागांना मिळून पॉवर ट्रेन म्हणतात. नेहमीच्या डोझरमध्ये क्रम असा: इंजिन, टॉर्क कन्व्हर्टर, ट्रान्समिशन म्हणजेच गिअरबॉक्स, मग ताकद काटकोनात वळवून डावी-उजवीकडे पाठवणारे बेव्हल गिअर, एकेका चेनची ताकद तोडून मशीन वळवणारे दोन्ही बाजूंचे स्टीअरिंग क्लच आणि ब्रेक, त्यापुढे फायनल ड्राइव्ह, आणि शेवटी चेन फिरवणारं दातेरी चाक, स्प्रॉकेट.

इतके टप्पे कशाला, हे एका हिशेबाने कळतं. मोठ्या डोझरचं इंजिन मिनिटाला सुमारे १,९०० फेरे घेतं. पहिल्या गिअरमध्ये मशीन ताशी ३.५ किलोमीटरच्या आसपास चालतं, म्हणजे मिनिटाला ५८ मीटर. स्प्रॉकेटच्या एका फेऱ्यात चेन २.८ मीटर सरकते असं धरलं, तर स्प्रॉकेट मिनिटाला जेमतेम २० फेरे घेतं. १,९०० चे २० झाले. वेग जवळपास ९० पटींनी उतरला, आणि घर्षणात जाणारा वाटा सोडला तर फिरवण्याचा जोर तितकाच चढला. या जोराला टॉर्क म्हणतात. सर्वांत जास्त टॉर्क शेवटच्या टप्प्यावर, फायनल ड्राइव्हमध्ये, सोसावा लागतो, आणि नेमका तोच भाग चिखल-मातीला सर्वांत जवळ असतो. कॅटरपिलरने १९७७ मध्ये डी-१० डोझर आणला तेव्हा स्प्रॉकेट जमिनीपासून उचलून वर बसवलं. जमिनीचे धक्के थेट फायनल ड्राइव्हवर येऊ नयेत, हा त्यामागचा एक मोठा हेतू होता.

टॉर्क कन्व्हर्टर: ताकद तेलातून जाते

हा टप्पा समजला नाही तर पुढचं सगळं निदान चुकतं, म्हणून इथे जरा थांबू. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये इंजिन आणि गिअरबॉक्स यांना जोडणारा लोखंडी दुवा नसतो. इंजिन पात्यांचं एक चाक फिरवतं, ते इम्पेलर. ते तेल जोरात बाहेर फेकतं. समोर पात्यांचं दुसरं चाक असतं, टर्बाइन. तेल त्यावर आदळतं आणि ते फिरू लागतं. गिअरबॉक्स या टर्बाइनला जोडलेला असतो. दोघांच्या मध्ये स्टेटर नावाचं तिसरं चाक असतं. परत येणारं तेल इम्पेलरला अडवणार नाही, उलट त्याच्याच दिशेने वाहील, असं स्टेटर ते वळवतो. या वळवण्यामुळेच टॉर्क वाढतो. लोडखाली टर्बाइन पूर्ण थांबलं असेल तर ही वाढ साधारण दोन ते तीन पट असते. जर्मन अभियंता हर्मन फ्योटिंगर यांनी १९०५ मध्ये याचं पेटंट घेतलं ते जहाजांसाठी. रस्त्यावरच्या आणि मातीतल्या मशीनमध्ये ही कल्पना नंतर आली.

इंजिन फुल थ्रॉटलवर आणि टर्बाइन थांबलेलं, या अवस्थेला स्टॉल म्हणतात. ब्लेड टणक ढिगात रुतलं, चेन थांबली, तरी डोझरचं इंजिन बंद पडत नाही ते यामुळे. मात्र या सोयीची किंमत उष्णतेत मोजावी लागते. समजा स्टॉलमध्ये इंजिन १५० किलोवॉट देतंय आणि मशीनच्या ट्रान्समिशनमध्ये १५० लिटर तेल आहे. बाहेर काहीच काम होत नसल्यामुळे सगळी ऊर्जा तेल तापवण्यात जाते. हिशेब केला तर सगळं तेल दर सेकंदाला अर्ध्या अंशाहून जास्त तापतं, म्हणजे अर्ध्या मिनिटात १७-१८ अंश. हा झाला सगळ्या तेलाचा सरासरी आकडा. त्या क्षणी कन्व्हर्टरच्या पोटात असलेलं थोडं तेल याहून कितीतरी भराभर तापतं.

म्हणून ‘ट्रान्समिशन गरम होतं’ ही तक्रार आली की मी पहिला प्रश्न गिअरचा विचारायला सांगेन. जो ढीग पहिल्या गिअरमध्ये ढकलायचा तो दुसऱ्यात ढकलला जात असेल, तर कन्व्हर्टर दिवसभर स्टॉलच्या जवळ चालतो. अशा वेळी काहीही बिघडलेलं नसतं आणि तरीही तेल उकळायला लागतं. त्यानंतर पाहायचा तो कूलर आणि रेडिएटर: बाहेरच्या पातळ पत्र्यांमध्ये भुसा-माती किती बसली आहे. तेलाची पातळीही पाहावी, कमी आहे का आणि जास्त आहे का, दोन्ही. पातळी गरजेपेक्षा वर गेली की फिरते गिअर तेल घुसळतात, फेस होतो, आणि फेसाळ तेल ना ताकद नेतं ना उष्णता.

इंजिन की ट्रान्समिशन?

ही पहिली विभागणी. तिच्यासाठी स्टॉल टेस्ट असते. ब्रेक घट्ट लावून, मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या गिअरमध्ये, काही सेकंद फुल थ्रॉटल द्यायचा आणि इंजिनाचा आरपीएम, म्हणजे मिनिटाला होणारे फेरे, वाचायचा. टेस्ट सोपी आहे, पण बेफिकिरीने करायची नाही. मशीनच्या पुढे-मागे कोणीही नको, ब्रेक धरतो याची आधी खात्री हवी, तेल कामाच्या तापमानाला आलेलं हवं, आणि वेळ मॅन्युअलमध्ये दिलाय तेवढाच. वाचन झालं की न्यूट्रलमध्ये आणून इंजिन चालू ठेवायचं, म्हणजे तापलेलं तेल कूलरमधून फिरून निवतं.

आता अर्थ लावू. समजा त्या मॉडेलसाठी स्टॉलचा आकडा १,६५० आहे. वाचन बरंच खाली आलं, तर इंजिनच पुरेसा जोर देत नाही. मग हवेचा फिल्टर, डिझेलचा फिल्टर, टर्बोच्या पुढचे होज, इंजेक्टर, असा शोध सुरू करायचा, आणि ट्रान्समिशनला हात लावायचा नाही. वाचन बरंच वर गेलं, तर इंजिन मोकळं पळतंय, म्हणजे पुढे कुठेतरी पकड सुटते: एखादा क्लच घसरतो, किंवा कन्व्हर्टर तेलाने पुरता भरत नाही. आणि वाचन बरोबर आलं, तरीही मशीन ओढत नसेल, तर अडवणारी गोष्ट शोधायची. बऱ्याचदा ती अर्धवट सुटलेला ब्रेक असते.

ब्रेकबद्दल एक गोष्ट नीट लक्षात घ्यायला हवी. आजच्या बहुतेक डोझरमध्ये ब्रेक स्प्रिंगने लागतो आणि तेलाच्या प्रेशरने सुटतो. प्रेशर गेलं तर मशीन आपोआप थांबावं, ही त्यातली सुरक्षितता. पण त्यामुळेच प्रेशर थोडं कमी झालं की ब्रेक पुरता सुटत नाही, घासत राहतो. ऑपरेटरला इंजिन कमजोर वाटतं, तेल तापतं, ब्रेकच्या चकत्या झिजतात, आणि मुळात इंजिन बिचारं दुप्पट काम करत असतं.

एक अपेक्षाही तपासून घ्यावी. मशीनची ओढ शेवटी जमिनीवर अवलंबून असते. कोरड्या घट्ट मातीवर चेनची पकड वजनाच्या सुमारे ०.९ पट धरतात, सुट्या मातीवर सुमारे ०.६. चाळीस टनी डोझर घट्ट जमिनीवर ३६ टनांपर्यंत जोर लावेल, सुट्या मातीवर २४ टनांच्या आसपास. निरोगी डोझर पहिल्या गिअरमध्ये जास्तीत जास्त लोडखाली सहसा चेन जागच्या जागी फिरवतो. चेन फिरून माती उकरली जात असेल तर पॉवर ट्रेन ठीक आहे, जमीन कमी पडते. चेन थांबली आणि इंजिन नुसतं गुरगुरतंय, तर मात्र पुढे वाचा.

दिशा आणि गिअर: दोन क्लचचं गणित

क्लच पेडल न दाबता, चालू लोडवर गिअर बदलणाऱ्या गिअरबॉक्सला पॉवरशिफ्ट ट्रान्समिशन म्हणतात. त्यातले दाते एकमेकांत कायम अडकलेलेच असतात. कोणता गिअर काम करणार हे क्लच ठरवतात. एक क्लच म्हणजे घर्षणाच्या चकत्या आणि पोलादी प्लेटा आळीपाळीने रचलेली थप्पी. मागच्या पिस्टनवर साधारण २० ते ३० बार प्रेशरने तेल आलं की थप्पी दाबली जाते आणि पकड बसते. एक बार म्हणजे ढोबळमानाने आपल्या भोवतालच्या हवेचा दाब.

मशीन हलायचं तर एका वेळी दोन क्लच बसावे लागतात, एक दिशेचा आणि एक गिअरचा. पुढे तीन आणि मागे तीन गिअर असलेल्या नेहमीच्या डोझरमध्ये असे पाच क्लच असतात: फॉरवर्ड, रिव्हर्स, पहिला, दुसरा, तिसरा. त्यांच्या सहा जोड्या होतात. निदानाचा सगळा जीव या सहा जोड्यांत आहे.

इमारतीत पाणी येईनासं झालं की आपण आधी शेजारी विचारतो. फक्त आपल्याच घरी नसेल तर आपला पाइप पाहायचा, एका उभ्या लाइनीतल्या सगळ्या घरांना नसेल तर ती लाइन, आणि साऱ्या इमारतीला नसेल तर टाकी किंवा पंप. इथेही तसंच. फॉरवर्डच्या तिन्ही गिअरमध्ये घसरतं आणि रिव्हर्सला ठणठणीत आहे? फॉरवर्डचा क्लच, किंवा त्याला तेल सोडणारा व्हॉल्व्ह. दुसरा गिअर दोन्ही दिशांना घसरतो, बाकी ठीक? दुसऱ्याचा क्लच. सहाही जोड्यांमध्ये घसरतं? मग एकेक क्लच संशयातून वगळा, पाचही एकाच वेळी खराब होणं जवळपास अशक्य. सगळ्यांना सामाईक असलेलं पाहा: तेलाची पातळी, सक्शनची जाळी, पंप, प्रेशर ठरवणारा मुख्य रिलीफ व्हॉल्व्ह, कन्व्हर्टर.

आता यातली एक फसगत. ‘फक्त फॉरवर्ड-पहिल्यात घसरतं’ असं कुणी सांगितलं तर जरा थबकायला हवं, कारण त्या जोडीचा स्वतंत्र क्लच नसतोच. फॉरवर्डचा क्लच गेला असता तर फॉरवर्ड-दुसऱ्यातही कळलं असतं, पहिल्याचा गेला असता तर रिव्हर्स-पहिल्यातही. मग असं का दिसतं? डोझर जड काम करतो ते फॉरवर्ड-पहिल्यात, आणि रिव्हर्सला रिकामा परततो. लोडच नसेल तर अर्धा झिजलेला क्लचही मशीन मागे नेतो. ‘रिव्हर्सला काही त्रास नाही’ या वाक्यावर विश्वास ठेवण्याआधी रिव्हर्समध्ये लोड देऊन पाहिलं पाहिजे: चढावर मागे घेऊन, किंवा मागे रिपर, म्हणजे जमीन फोडणारा दात, असेल तर तो जमिनीत थोडा रोवून. सहाही जोड्या सारख्या लोडवर तपासल्याशिवाय गणित पूर्ण होत नाही. माझ्या मते चुकीच्या निदानांचं एक मोठं कारण हेच आहे, आणि ते तांत्रिक कमी आणि घाईचं जास्त आहे.

उलटी तक्रारही असते: न्यूट्रलमध्ये टाकूनही मशीन सरकत राहतं. तिथे एखादा क्लच सुटत नसतो. जास्त तापून प्लेटा वाकलेल्या किंवा एकमेकींना चिकटलेल्या असू शकतात. असं मशीन तातडीने बाजूला उभं करावं. यात माणसाच्या जिवाला धोका आहे.

मशीन एका बाजूला का ओढतं?

स्टीअरिंग क्लच असलेल्या डोझरमध्ये ट्रान्समिशनची ताकद बेव्हल गिअरपाशी दोन वाटांना फुटते. त्यामुळे दोष एकाच बाजूला असेल तर तो फुटीच्या पुढेच असणार. ट्रान्समिशन सरळ यादीतून बाहेर.

पण त्याही आधी चेनचा ताण बघा. एका बाजूची चेन घट्ट आणि दुसरीकडची सैल असेल तर मशीन सरळ चालत नाहीच. ताण सारखा करून मगच पुढे जायचं.

नंतर राहतात दोन संशयित, आणि दोघांत मशीन दोषी बाजूकडेच वळतं: त्या बाजूचा क्लच घसरतोय किंवा ब्रेक घासतोय. फरक ओळखायला एक खूण पुरते. क्लच घसरतो तो लोडखाली. रिकामं मशीन सरळ चालतं, ढीग ढकलताना मात्र ती चेन मागे पडते. ब्रेक घासत असेल तर रिकाम्या मशीनमध्येही ओढ जाणवते, आणि थोडा वेळ चालवल्यावर ती बाजू दुसऱ्या बाजूपेक्षा स्पष्टपणे गरम लागते. लांबून तापमान मोजणारी इन्फ्रारेड बंदूक इथे फार कामाची. डावीकडचं वाचन, उजवीकडचं वाचन, आणि दोघांतला फरक. एका आकड्याला फारसा अर्थ नसतो. अर्थ असतो तो फरकाला.

फायनल ड्राइव्हचा दोष बहुधा गळतीतून आणि आवाजातून कळतो. तिथे आरशासारख्या घासून गुळगुळीत केलेल्या दोन धातूच्या रिंगा एकमेकींवर दाबून बसवलेल्या असतात आणि त्याच तेल आत व माती बाहेर ठेवतात. तार गुंडाळली गेली, चिखल आत दाबला गेला, की ही जोडी उघडते. स्प्रॉकेटच्या आतल्या बाजूला ओली माती दिसली तर ती खरवडून पाहावी, पाणी आहे की तेल. आवाजाबाबत कसोटी सोपी: न्यूट्रलमध्ये इंजिनाच्या वेगाबरोबर वाढणारा आवाज पंप किंवा कन्व्हर्टरकडचा, चेनच्या वेगाबरोबर वाढणारा फायनल ड्राइव्ह किंवा बेव्हल गिअरकडचा.

सकाळी बरं, दुपारी नाही

तापल्यावर तेल पातळ होतं. झिजलेल्या पंपातून, पिस्टनच्या फाटक्या सीलमधून, शाफ्टवरच्या रिंगांतून पातळ तेल जास्त निसटतं आणि प्रेशर उतरतं. म्हणून ‘सकाळी मस्त चालतं, जेवणानंतर घसरतं’ याचा अर्थ बहुतेक वेळा आतली गळती. याउलट गार असताना कुरकुर आणि तापल्यावर ठीक, तर जाळी चोंदलेली, सक्शन पाइपमधून हवा शिरतेय, किंवा तेल चुकीच्या ग्रेडचं. घट्ट तेल चोंदलेल्या जाळीतून पंपाला पुरेसं मिळत नाही.

ग्रेडचा मुद्दा किरकोळ नाही. अनेक मशीनना टीओ-४ नावाच्या मानकाचं तेल लागतं, ज्यात क्लचच्या चकत्यांची पकड टिकेल असं घर्षण राखलेलं असतं. घर्षण कमी करणारी रसायनं असलेलं इंजिन ऑइल टाकलं तर क्लच चांगला असूनही घसरू शकतो. ‘तेलच तर आहे’ म्हणून जे हाताशी असेल ते ओतणं, ही काटकसर महागात पडते.

गेज लावल्यावर

इथपर्यंत एकही नट उघडलेला नाही. आता प्रेशर तपासायचं. ट्रान्समिशनवर त्यासाठी ठरावीक जागा असतात: क्लचचं प्रेशर, कन्व्हर्टरमध्ये जाणारं, कन्व्हर्टरमधून येणारं, वंगणाचं, ब्रेकचं. आकडे मॉडेलप्रमाणे बदलतात, म्हणून मॅन्युअलशिवाय गेज लावण्यात अर्थ नाही.

प्रत्येक गिअर आणि दिशेत क्लच प्रेशर वाचत जायचं. सगळीकडे सारखंच कमी असेल, तर पंप किंवा रिलीफ व्हॉल्व्ह. एकाच क्लचच्या वेळी उतरत असेल, तर त्या क्लचचं सील गळतंय. प्रेशर सगळीकडे बरोबर आणि तरीही एक क्लच घसरतोय, तर चकत्या झिजल्या आहेत. तिथे उघडण्याला पर्याय नाही. कन्व्हर्टरमध्ये जाणारं प्रेशर ठीक आणि बाहेर येणारं कमी, तर कन्व्हर्टर आतून गळतोय किंवा बाहेरचा व्हॉल्व्ह नीट बंद होत नाही.

‘स्क्रीनवर कोड येतो की, मग एवढं कशाला?’

नव्या मशीनमधला कंट्रोलर दोष दिसला की कोड दाखवतो, आणि तो जरूर वाचावा. काही मशीन तर ट्रान्समिशनमध्ये येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या शाफ्टचे वेग ताडून क्लच किती घसरतोय हेही सांगतात. पण कंट्रोलरला दिसतो तो सेन्सरचा सिग्नल. ‘क्लच प्रेशर कमी’ असा कोड आला तर प्रेशर खरंच कमी असेल, किंवा सेन्सर बिघडला असेल, किंवा वायरच्या जोडणीत पाणी शिरलं असेल. तिन्हींचा कोड एकच दिसू शकतो. म्हणून कोड आल्यावर साधा गेज लावून तोच आकडा पडताळायचा. दोन्ही जुळले तर दोष तेलाच्या वाटेत, नाही जुळले तर विजेच्या. कोड बघून थेट महागडा पार्ट मागवणं आणि तो बसवूनही कोड तसाच राहणं, हा त्रास एका गेजने वाचतो.

तेल आणि फिल्टर सांगतात ते

जुना फिल्टर फेकण्याआधी कापून उघडा. कागदाच्या घड्या पसरून उजेडात पाहा, वरून चुंबक फिरवा. चुंबकाला चिकटणारे कण पोलादाचे: गिअर, बेअरिंग, शाफ्ट. न चिकटणारे चकचकीत पांढरट कण ॲल्युमिनियमचे, आणि अनेक कन्व्हर्टरची पात्यांची चाकं ॲल्युमिनियमचीच असतात. पिवळसर तांबूस कण ब्राँझच्या बुश किंवा चकत्यांचे. काळे धागेदार कण क्लचच्या घर्षण-थराचे. थोडी बारीक पूड नेहमीच असते, तिला घाबरायचं कारण नाही. नखाने जाणवतील असे तुकडे सापडले तर मशीन चालवणं थांबवा.

प्रयोगशाळेत तेलाचा नमुना पाठवला तर डोळ्यांना न दिसणारी झीजही कळते. सिलिकॉन वाढलं म्हणजे बहुधा धूळ शिरतेय, सोडियम वाढलं तर बऱ्याचदा कूलंट. कूलंटची बाब गंभीर आहे. ट्रान्समिशनचं तेल अनेक मशीनमध्ये इंजिनाच्या कूलंटने थंड केलं जातं. कूलर आतून फुटला की दोन्ही मिसळतात, तेल दुधाळ होतं, आणि कूलंटमधलं ग्लायकॉल क्लचच्या कागदी घर्षण-थराचा चिकट जोड सोडवतं. अशा वेळी नुसतं तेल बदलून भागत नाही. एकाच नमुन्यावरून घाईने निष्कर्षही काढू नये. आधीच्या नमुन्यांच्या तुलनेत कोणता आकडा चढतोय, हे पाहायचं असतं.

पोकलेनचं काय?

पोकलेनमध्ये टॉर्क कन्व्हर्टर आणि गिअरचे क्लच नसतात. प्रत्येक चेनला स्वतःची हायड्रॉलिक मोटर असते. वाट अशी: पंप, कंट्रोल व्हॉल्व्ह, मशीनच्या मधला फिरता सेंटर जॉइंट, मोटर, फायनल ड्राइव्ह. विचार मात्र तोच. डावी चेन मंद असेल तर ज्या पंपावर ती चालते त्याच पंपावरची बाकीची कामंही मंद आहेत का, ते पाहा. असतील तर दोष पंपाकडे. नसतील तर पुढे. दोन्ही पंप सारखे असतील तर मेकॅनिक त्यांचे होज आपसांत बदलून पाहतात: दोष उजव्या चेनवर गेला तर पंप, डावीकडेच राहिला तर व्हॉल्व्ह, सेंटर जॉइंट किंवा मोटर. मोटरच्या आतून किती तेल गळून परत जातं, ते ड्रेन लाइनवर मोजता येतं. जास्त गळती म्हणजे मोटर झिजली.

इथलं प्रेशर ३५० बारच्या घरात असतं. होज उघडण्याआधी इंजिन बंद करून आतलं प्रेशर सोडलंच पाहिजे. बारीक गळती हाताने चाचपून शोधू नये. पुठ्ठा पुढे धरावा. एवढ्या जोराची तेलाची बारीक धार कातडीतून आत घुसते. वरून फक्त टाचणीएवढं भोक दिसतं आणि आत मांस मरायला लागतं. असं झालं तर दुखो वा न दुखो, तत्काळ शस्त्रक्रियेची सोय असलेल्या दवाखान्यात जायचं.

‘सरळ उघडून बघितलं तर लवकर कळणार नाही का?’

हा प्रश्न रास्त आहे. काम थांबलेलं असतं, मालक डोक्याशी उभा असतो. पण बरेच दोष उघडल्यावर दिसतच नाहीत. उतरलेलं प्रेशर, शिरणारी हवा, अर्धा अडकलेला व्हॉल्व्ह, न सुटणारा ब्रेक, हे सगळं मशीन चालू असतानाच असतं. खोलून टेबलावर मांडलेल्या भागांमध्ये ते सापडत नाही. आणि झिजलेला क्लच सापडला तरी तो का झिजला हे कळलं नाही, तर नवा क्लचही त्याच वाटेने जाणार.

उघडायची वेळ आली आणि दुरुस्ती झाली, तरी एक काम राहतं आणि तेच नेहमी टाळलं जातं. जुन्या बिघाडातले धातूचे कण कूलर, होज आणि तेलाच्या टाकीत बसलेले असतात. होज आणि टाकी धुता येतात. कूलरच्या बारीक नळ्यांमधून मात्र सगळे कण निघाले याची खात्री देता येत नाही, म्हणून मोठ्या बिघाडानंतर कूलर बदलणं शहाणपणाचं. इलेक्ट्रॉनिक कंट्रोल असलेल्या मशीनमध्ये क्लच किंवा व्हॉल्व्ह बदलल्यावर कॅलिब्रेशन करावं लागतं, म्हणजे प्रत्येक क्लच भरायला किती वेळ लागतो हे कंट्रोलरला नव्याने शिकवावं लागतं. ते राहिलं तर नवं ट्रान्समिशनही झटके देतं आणि पुन्हा जुनाच संशय सुरू होतो. त्यानंतर पहिला फिल्टर नेहमीच्या मुदतीच्या बराच आधी काढून कापावा, त्याच वेळी तेलाचा नमुना घ्यावा, आणि सहाही जोड्यांची प्रेशर मशीनच्या वहीत तारखेसह लिहून ठेवावीत. पुढच्या वेळी गेज लावणाऱ्याला ताडून बघायला ते आकडे लागतील.